पूजेला बसायचं जोडपं

मधल्या भिंतीवर वाटी वाजली. दोनदा, हलकेच. जेवणं उरकली होती.

मधूनं वर्तमानपत्राची घडी घातली, चपला पायात सरकवल्या. पद्मा मागच्या दाराशी ताटं विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"जातो मी."

"स्वेटर घ्या. त्या खोलीत गारठा असतो."

तो पुढच्या दारानं बाहेर पडला. नळाला नुकतंच पाणी आलं होतं, कॉलनीतल्या बायका हंडे लावून उभ्या होत्या. त्यांच्या देखत तो शेजारच्या दाराशी गेला, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत शिरला. नळावर कुणीतरी मुद्दाम खाकरलं.

शेजारी शकुंतला राहायची. साखर कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स, मूळची सांगलीची, नवऱ्यानं टाकलेली. चिमीच्या वेळी पद्मा बाळंतपणात अडली, तेव्हा हिनंच मायलेकींना ओढून परत आणलं. तेव्हापासून घरोबा जमला. त्या घरोब्याचं पुढं काय झालं, ते लोक पार इस्लामपूरच्या बाजारापर्यंत सांगत होते.

सकाळी पलीकडची शालूबाई विरजण मागायला आली आणि दारातच बसली.

"पद्मे, तुला राग कसा येत न्हाई गं? माझा असता तर चपलाच चुलीत घातल्या असत्या मी."

"चामडं जळल्याचा लय वास येतो, शालूबाई."

"हास, हास. लोक खुळी म्हणत्यात तुला."

पद्मा हसली खरी, पण आतून ती थकली होती. लेकीचा खोकला, पहाटेचा भोंगा, डबा, धुणं, हे सगळं निभत होतं. निभत नव्हती ती लोकांची कीव. कीव करणाऱ्या प्रत्येकीपुढं चेहरा तसा ठेवावा लागायचा, आणि दिवस मावळेपर्यंत चेहराच दुखायला लागायचा.

दसरा झाला, की कारखान्याचा बॉयलर पेटायचा. त्या पूजेला दरसाल कामगारांतलं एक जोडपं बसवायचा रिवाज होता. चेअरमन, संचालक सगळे मागं उभे, आणि पाटावर कामगार नवरा-बायको. औंदा मधूची पाळी आली आणि कॉलनीतल्या बायका अडून बसल्या. ज्याच्या चपला दुसरीच्या दारात, त्याच्या हातनं अग्नी दिला तर बॉयलर फुटंल म्हणाल्या.

गाऱ्हाणं हंबीररावांकडं गेलं. लष्करातून आलेले, कारखान्याचे कामगार कल्याण अधिकारी. भला माणूस. बायकांसाठी पाळणाघर त्यांनीच उघडलं होतं. बायकोला मारणाऱ्या एका फिटरला त्यांनी साऱ्या कामगारांपुढं माफी मागायला लावली होती. ते स्वतः पद्माच्या घरी आले.

"वहिनी, मधुकरला इचारलं मी. तो म्हणतो, चूक माझी हाय, नर्सबाईंची न्हाई. हसायचं त्यांनी मला हसावं. आता तुमी बोला. कारखाना तुमच्या पाठीशी हाय."

"मला काही त्रास नाही, साहेब."

"भिऊ नका."

"भीत नाही. शकुंतलाताईंना इथंच राहू द्या, एवढंच मागते. पूजा दुसऱ्या कुणाला द्या. वाटलं तर हे क्वार्टर काढून घ्या, आम्ही गावात खोली बघू. पण त्यांना लांब कुठं..."

हंबीररावांचे डोळे भरून आले. "काय काळीज हाय तुमचं! अशा बाईवर अन्याव हुताना बघत बसलो, तर थू आमच्या कारखान्यावर."

पद्माच्या ओठाशी काहीतरी आलं. दारात मधू उभा होता. त्यानं मान हलवली. नको. तिनं ते गिळलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

हंबीररावांनी वेळ लावला नाही. रहिमतपूरच्या पलीकडं नवा कारखाना उभा राहत होता, तिथल्या दवाखान्यात त्यांनी शकुंतलेची सोय लावली. पगार वाढवून दिला, राहायला जागा दिली, कुठं बोभाटा होऊ दिला नाही. तिचंही वाईट होऊ नये, असंच त्यांच्या मनात होतं. ट्रकमध्ये ट्रंक चढली, वळकटी चढली. चिमी 'मावशी' म्हणून बिलगली, शकुंतलेनं तिचा मुका घेतला. पद्माकडं बघितलं नाही. नळावर सगळ्याजणी उभ्या होत्या.

पूजा थाटात झाली. पद्मा हिरवं लुगडं नेसून मधूशेजारी बसली. भटजींनी सांगितलं तेव्हा तिनं त्याच्या हाताला हात लावला. बॉयलर पेटला, भोंगा वाजला, टाळ्या पडल्या. कारखाना म्हणजे एक कुटुंब, असं हंबीरराव भाषणात म्हणाले आणि त्यांनी पद्माकडं बघून मान लववली.

शालूबाईनं कुंकू लावता लावता तिच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "सुटलीस गं बाई."

दिवेलागणीला मधू घरातच होता. भिंतीला टेकून, पाहुण्याच्या घरी बसावं तसा बसला होता. एकदा म्हणाला, "मी कमी पडलो." ती म्हणाली, "तुम्ही नाही." चिमी पेंगायला लागली म्हणून पद्मानं अंथरूण घातलं. चिमीनं बापाकडं बघितलं.

"आई, आता अण्णांना तिकडं एकटंच झोपायला जायला नको ना?"

"नको."

चिमीनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग मागच्या बंद दाराकडं बघितलं.

"मावशी तर आता यायची न्हाई. मग आई, तुला कुशीत घेऊन कोण निजणार?"