मग सोडलं का त्यांना?

आईच्या नंबरवरून भलत्याच बाईचा आवाज आला.

"हॅलो? कौन, बिटिया?"

प्रियानं स्क्रीनवरचा नंबर पुन्हा पाहिला. रोज दुपारी ती या नंबरवर फोन करायची आणि आईच उचलायची. तोंडाला मास्क, त्यामुळे बोलणं कमीच. ऑक्सिजनचा बुडबुडता आवाज आणि मधेच एखादा हुंकार. पण हुंकार आईचाच असायचा.

"आप कौन? मम्मी कुठंय?" घाबरली की तिची हिंदी आणि मराठी एक व्हायची.

"हम नफीसा. बगलवाले बेड पर हैं. आपकी अम्मी को सुबह ऊपर ले गए, आयसीयू में."

कोरोनाची दुसरी लाट तेव्हा लखनौत ऐन भरात होती. प्रियाची अकरावीची शेवटची चाचणी राहिली होती. शाळा उघडली तशीच बंद झाली, वर्ग मोबाइलवर आले, आणि इतिहासाच्या मॅडमनी जाहीर केलं की चाचणी फोनवर तोंडी होईल. त्यात रोमन साम्राज्याचा धडा होता. लहानपणापासून प्रियाचा कुठलाही धडा आईला, कांताला, सांगितल्याशिवाय पाठ होत नसे. कांता पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि नेमकं पुस्तकात नसलेलं विचारायची. वॉर्डात गेल्यावरही पहिल्याच फोनला मास्क बाजूला सारून तिनं दम भरला होता, "कशी आहेस, कशी आहेस काय लावलंय? धडा सांग."

मग प्रिया रोज सांगू लागली, चाचणीत सांगायचा तसा हिंदीतच. सम्राट, सिनेट, सैन्य, गुलाम. हातात धरायची ताकद नाही म्हणून कांता फोन स्पीकरवर टाकून उशीशी ठेवायची. काल गोष्ट एका खुनापर्यंत आली होती. रोममधल्या एका बड्या अधिकाऱ्याला त्याच्याच गुलामानं मारलं. कायदा असा, की मालकाचा घरात खून झाला तर घरातले सगळे गुलाम मारायचे. त्या घरात चारशे होते, बायका-पोरं धरून. शहरातली साधी माणसं त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरली. एवढं सांगून झालं आणि वॉर्डातली सिस्टर आली.

"मग सोडलं का त्यांना?" कांतानं घाईघाईनं विचारलं होतं.

"उद्या सांगते," प्रिया म्हणाली होती.

आणि आज हे. चिनहट मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटी होती. बाबा, भाऊराव, सकाळपासून एका इंजेक्शनसाठी अमीनाबादच्या औषधबाजारातली दुकानं पालथी घालत होते. त्यांचा फोन लागत नव्हता.

"वो... ठीक तो हैं ना?" प्रियानं विचारलं.

पलीकडे आधी खोकल्याची उबळ आली. मग नफीसा म्हणाल्या, "अरे, पूरे होश में थीं. जाते-जाते फोन हमें पकड़ा गईं. बोलीं, बिटिया का इम्तिहान है, सबक रुकना नहीं चाहिए. आप रोज सुन लीजिएगा."

प्रिया होती तिथेच फरशीवर बसली. हे आईचंच बोलणं. एवढी व्यवस्था लावून जाणारं माणूस मरायला गेलेलं नसतं.

"तो सुनाओ ना," नफीसांना दम लागत होता, तरी त्या बोलत होत्या. "हम भी कल से अटके हैं. उन बेचारों का क्या हुआ? छोड़ दिया?"

प्रियाला उत्तर ठाऊक होतं. सिनेट बधली नाही. लोक चवताळले तेव्हा सम्राटानं रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशेच्या चारशे मारले गेले. तिनं तोंड उघडलं. फोनमधून तो बुडबुडता आवाज येत राहिला.

"हाँ," ती म्हणाली. "सबको छोड़ दिया."

"शुक्र है," नफीसा म्हणाल्या.

संध्याकाळी भाऊराव रिकाम्या हातानं परतले. प्रियानं दारातच निरोप सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग भिंतीला टेकून बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "वाढ बाई, भूक लागली." कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आयसीयूतून खबर यायची नाही, आणि आली तर जीव खाली-वर करणारी यायची. ओळखीतली माणसं एकेक करून जात होती. दर वेळी बापलेक एकमेकांना तोच निरोप ऐकवत. सबक रुकना नहीं चाहिए. प्रिया दुपारी फोन लावी, नफीसा ऐकत. चाचणीत गुलामांवर प्रश्न आला तेव्हा तिनं जे घडलं होतं ते सांगितलं. चारशेच्या चारशे मारले गेले. मग एक दिवस नफीसांचा मुलगा त्यांना घरी न्यायला आला, आणि फोन सिस्टरच्या ताब्यात गेला.

बाजारात दशहरी आंबे आले तेव्हा कांता घरी आली. अंगावर नुसती हाडं, चार पावलं टाकली की धाप. भाऊरावांनी तिला पलंगावर टेकवलं. प्रिया तिचे पाय चेपत बसली.

"तुझ्या त्या निरोपावर तर जगलो आम्ही," ती म्हणाली. "तेवढ्या घाईत सुचलं कसं तुला?"

"कसला निरोप?"

प्रियानं शब्द न् शब्द सांगितला. शेजारच्या बेडवरच्या नफीसा, त्यांच्या हातात दिलेला फोन, सगळं.

कांता कोपरावर रेलून थोडी वर झाली.

"अगं, मी कुठला फोन देते?" ती म्हणाली. "मला वर नेलं तेव्हा शुद्धच नव्हती मला."