उजवा कौल

स्नेहलच्या नवऱ्याला, हरेशला, हल्ली भिंतीतून हाका ऐकू यायच्या. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावून चुटक्या वाजवल्या, तर डावीकडची चुटकी हा उजवीकडे दाखवायचा. "मनाचा आजार आहे, नुकताच सुरू झालाय. गोळ्या आजच सुरू करा," डॉक्टर म्हणाले.

"घोडा झाला, नि डावा-उजवा कलत नाय!" करंजाडे गावचे झाडून सगळे शहाणे नातेवाईक खो खो हसले, आणि गोळीची परवानगी मागायला देवीकडे गेले. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर गोळी, डावं पडलं तर अंगारा.

उजवं पडलं. स्नेहलने घाईघाईने गोळी काढली.


सासऱ्याने तिचा हात धरला. "थांब गो सूनबाय! उजवा देवीचा का आपला, ता आधी ठरवू दे."