हँडब्रेकवरचा हात

घाटाच्या पहिल्याच वळणावर समोरून एसटी आली आणि माझ्या शेजारी बसलेल्या अण्णांनी खस्सकन हँडब्रेक ओढला. गाडी जागीच थांबली. एसटी आरामात निघून गेली.

"बघितलंस? मी होतो म्हणून वाचलो. म्हणे, सोमवारपासून महाडला एकटी नोकरीला जाणार!"

एकटीनं घाट उतरायचा तर मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसव, ही त्यांचीच अट. दादा याच गाडीनं, याच घाटातून, ड्रमवरच वर्षानुवर्षं गेला. त्याला अट नव्हती. मग मीही हट्टानं अंगणात स्वतःच्या हातानं डिस्क बसवले. अण्णा खुर्ची टाकून चुका काढत होते. आज परीक्षा घ्यायला शेजारी बसले होते.

"अण्णा, हँडब्रेक कशालाच जोडलेला नाही," मी म्हणाले. "जुनी केबल डिस्कला बसत नाही, नवी अजून आलेली नाही. एवढ्या चुका काढल्यात, ही नाही दिसली?"

त्यांनी दांडा खालीवर केला. तो मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखा सैल होता.

"मग गाडी थांबवली कुणी?"

"माझ्या पायानं."

उरलेला घाट त्यांचे हात मांडीवर होते. खाली टपरीजवळ उतारावर गाडी लावली, तर स्वतः उतरून त्यांनी चाकाला दगड लावला. चहा झाल्यावर तोच दगड उचलून डिकीत ठेवला.

"सोमवारपर्यंत केबल आली नाही, तर गाडी लावताना हा वापर," ते म्हणाले. "शेजारी मी नसेन."