कोरडी चड्डी

तनू पॉटीवर बसली आणि केतकीने सवयीने तोंडाने "शूऽऽ" असा आवाज काढला. आज पहिल्यांदाच पॉटीत धार पडल्याचं ऐकू आलं.

"आई, बघ! मी केली!"

दारात उभ्या असलेल्या निनादने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास गं माझ्या बाळा!"

केतकी मात्र हलली नाही. खरी तनू तापाने गेली तेव्हा अडीच वर्षांची होती, आणि शेवटपर्यंत ती चड्डीतच शू करायची. तिच्या आठवणी भरून आणलेली ही यंत्राची तनूही वर्षभर अगदी तसंच करत होती. प्यायलेलं पाणी चड्डीत सोडायची आणि पडद्याआड तोंड लपवायची. केतकी रोज रागवायची, रोज फरशी पुसायची आणि मनातून सुखावायची.

"कंपनीवाले म्हणालेच होते, ही हळूहळू शिकत जाईल म्हणून," निनाद म्हणाला.

"आपली तनू कुठे शिकली होती?"

तिने पॉटी धुऊन माळ्यावर टाकली. मग तनूला जवळ ओढून कोरडी चड्डी घालताना ती म्हणाली, "उद्या चड्डीतच कर हं, बाळा. आई रागावणार नाही."