गोठ्याच्या दाराचं घड्याळ

नेसरी गावातला गोठा पाडला, तेव्हा विश्वजितनं दाराची एक फळी कोल्हापूरच्या बंगल्यात आणली. आज्जाच्या लाडक्या बैलानं शिंगं घासून तिच्यावर ओरखडे पाडले होते. मोबाइलवर एका तयार घड्याळाचा फोटो दाखवून तो फक्रुद्दीन मिस्त्रींना म्हणाला, "हिचं असं रस्टिक घड्याळ करा. ओरखडे दिसले पाहिजेत."

घड्याळ आलं. ओरखडे हुबेहूब फोटोतल्यासारखे! विश्वजितनं भरल्या डोळ्यांनी त्यांवरून हात फिरवला. सगळं काचेसारखं गुळगुळीत.

"सनमायका हाय, साहेब," मिस्त्री अभिमानानं म्हणाले. "जुनं ओरखडं लांबी भरून बुजवलं आणि वरनं ही डिझाइन चिकटवली."

"अहो, पण का?"



"तुमच्या बैलाला फोटोतल्यागत जमलं न्हवतं की!"