चष्म्याचं घर

व्हर्लीन खोट्या घराच्या दारामागे उभी होती. पुढून पायऱ्या, कुंड्या, खिडकीला पडदे. मागे नुसत्या प्लायवूडच्या फळ्या. कमरेला एप्रन आणि एप्रनच्या खिशात आजची वस्तू. कधी सुरी असायची, कधी फोन, कधी प्लास्टिकचं पिस्तूल. काय ते प्रशिक्षक ठरवायचे आणि ते फक्त तिला ठाऊक असायचं. आज चष्म्याचं घर होतं, काळं, लांबट.

सोफ्यावर पर्व्हिस उकडलेल्या शेंगा खात पडला होता. एजंट घडवणाऱ्या या केंद्रात तो रोज तिचा फरार मुलगा व्हायचा. कोळंबीच्या बोटीवर जन्म काढलेला माणूस, वयानं तिच्याहून थोडासाच धाकटा.

"आई, मला पकडून नेल्यावर जेवायला काय करशील गं?"

"आधी ती टरफलं उचल. तुझा बाप कोण होता तेही मला आठवत नाही, मेल्या."

पर्व्हिस खो खो हसला. व्हर्लीन हसली नाही.

आता येणार होता तो टेरेल, ओडेसा गॅडस्डेनचा मुलगा. शाळेच्या जेवणघरात व्हर्लीन वाढायला असताना मक्याच्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. ओळखीचा उमेदवार आला तर आधी सांगायचं, असा इथला नियम. तिनं सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या सरावात टेरेलनं पार्सल घेऊन आलेल्या पोस्टमनवर बार उडवला होता. निःशस्त्र माणसावर दुसऱ्यांदा उडवला की बॅग भरायची.

रविवारी चर्चच्या अंगणात, तळलेल्या माशांच्या रांगेत ओडेसानं तिचं कोपर धरलं होतं. "त्याला पुढच्या महिन्यात सदतीस पुरी होतात, व्हर्लीन. मग परत घेत नाहीत. गोदामातली नोकरी सोडून गेलाय गं तो. तू खिशातून काढशील ते फक्त सावकाश काढ. बाकी काही नको. सावकाश काढणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

व्हर्लीन 'बरं' म्हणाली होती.

दारावर थाप पडली. "फेडरल एजंट! दार उघडा!"

तिनं दार उघडलं. टेरेल चौकटीच्या बाजूला, जसं शिकवलं होतं तसा, अंग चोरून उभा. हातात निळं पिस्तूल, नुसता बार उडवणारं. त्याच्यामागे अंगणात प्रशिक्षक हॅस्केल, हाताची घडी घालून.

"हात! हात दाखवा!"

"थांबा हो साहेब," व्हर्लीन तिचं ठरलेलं वाक्य बोलली, "मला नीट दिसत नाही."

त्याची नजर तिच्या हातांवर होती. तेच शिकवतात इथे: माणूस मारतो तो हातानं, तोंडाकडे बघू नका. तरी व्हर्लीन क्षणभर थांबली. एकदा तरी डोळे वर येतील, तिला बघतील, असं तिला वाटलं. आले नाहीत. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघावं तसा तो तिच्या एप्रनकडे बघत होता.

थोड्याच दिवसांत हा असाच कुठल्यातरी पायरीवर उभा राहील. तेव्हा दार उघडणारी बाई ओडेसाच्या चर्चमधली नसेल. सावकाश काढ म्हणून तिला कुणी सांगितलेलं नसेल.

व्हर्लीननं खिशात हात घातला आणि चष्म्याचं घर काढलं. झटकन नाही, सावकाशही नाही. घरी काढते तसं.

बार उडाला.

ती पडली, रोज पडायची तशी, पोटावर, गाल फळीला टेकून. चष्म्याचं घर घरंगळत पायरीवरून खाली गेलं.

"मिस व्हर्लीन?" आता आवाज एजंटचा नव्हता. "मिस व्हर्लीन, लागलं नाही ना हो कुठे?"

"ती मेली आहे, गॅडस्डेन." हॅस्केल ओरडला नाही. "मेलेल्या माणसाशी काय गप्पा मारतोस? पुढचं कर."

"सर, पण माझं तर आता..."

"गोळी लागलेल्यालाही बेड्या घालायच्या असतात. शिकवलंय ना? घाल."

आतलं पर्व्हिसचं चावणं थांबलं. टेरेल गुडघ्यांवर बसला. त्यानं तिचं उजवं मनगट उचलून पाठीवर घेतलं. बेडी लागेना. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा कातडी चिमटून बसली. व्हर्लीनच्या मानेवर काहीतरी ओलं टपकलं. घाम असेल. डोळे मिटलेले होते, तिला कळायला मार्ग नव्हता.

डावा हात तिच्या अंगाखाली अडकला होता. तो काढायचा तर तिला उताणं करावं लागणार होतं, आणि मग त्याला तिचं तोंड दिसलं असतं. टेरेलनं तिच्या खांद्याला हात लावला आणि तसाच थांबला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

मेलेल्या बाईनं डावा हात आपणच अंगाखालून ओढून काढला आणि पाठीवर उजव्याशेजारी नेऊन ठेवला.