पोचलीस का गं?

दुकानाचा फोन वाजला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

शटर अजून पुरतं वरही गेलं नव्हतं. धाकटीने आत शिरून भिंतीवरच्या अलार्मवर आपला आकडा दाबला, त्याची पीं-पीं थांबली, आणि लगेच हा फोन. "हो बाबा, पोचले. नाही हो, ऊन कसलं लागतंय! ताई आहेत ना मागे, डबे घेऊन येताहेत." धाकटी लाडालाडाने बोलत होती. थोरली दोन्ही डबे सांभाळत दारात उभी. म्हणजे हमालीला आपण आणि कौतुकाला ही!

"नशीबवान आहेस हो बाई," थोरली म्हणाली आणि डबे जरा जोरातच आपटले.

दुकान कुलपांचं, तिजोऱ्यांचं. दोघींचे नवरे नोकरीपायी लांब, सासऱ्यांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे गल्ला आणि गिऱ्हाईक सुनांच्या अंगावर. उघडायची पाळी एक दिवस हिची, एक दिवस तिची. थोरली लग्न होऊन आली तीच जणू काउंटरवर. कुठलंही कुलूप डोळे मिटून हातात द्या, कुठल्या कप्प्यातलं ते सांगेल. अलार्म विकावा तर तिनेच. "घ्या हो साहेब, प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. कुणी कधी उघडलं ते यंत्र विसरत नाही. नवा माणूस ठेवलात तर त्याच्या आकड्याला घंटी लावून घ्या, घरबसल्या मोबाईलवर कळेल." गिऱ्हाईक मान डोलवायचं, पैसे मोजायचं.

आणि धाकटी? कालची आलेली. तिला कडी आणि कोयंड्यातला फरक सांगावा लागे. पण तिच्या पाळीला सासऱ्यांचा फोन कधी चुकला नाही, आणि थोरलीच्या पाळीला तो कधी आला नाही. एकदा पुसायच्या निमित्ताने तिने रिसीव्हर उचलूनही पाहिला. चालू होता मेला.

अशातच एकदा सासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं, "या महिनाअखेरीला तिजोरीची किल्ली एकीच्या हातात देणार. दोन हातांत दुकान नीट राहत नाही." किल्ली कुणाला जाणार ते तर दिवसाआड फोनवरून कळतच होतं! इतकी वर्षं राबायचं आपण, आणि मालकीण व्हायची ही. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटीचा आकडा चोरायला काही कष्ट पडले नाहीत. ती बिचारी बोट नाचवत, पुटपुटत दाबायची.

सुट्टीच्या दिवशी धाकटी दुपारी मैत्रिणीकडे जाणार होती. थोरली तिच्या आधीच भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली. बेत साधा होता. धाकटीच्या आकड्याने अलार्म बंद करायचा, शटर अर्धवट उघडं टाकायचं आणि घरी यायचं. संध्याकाळी शेजारचा दुकानदार बोंब मारील. यंत्र धाकटीकडे बोट दाखवील. मग देतात का बघू अशा वेंधळीच्या हाती किल्ली!

तिने शटर वर केलं. आकडा दाबला. पीं-पीं थांबली.

आणि फोन वाजला.

इतके दिवस ज्या फोनसाठी जीव जळत होता, तो ती एकटी असताना वाजत होता. उचलू नये, हे तिला कळत होतं. पण हात गेलाच.

"कोण आहे तिथे?" सासऱ्यांचा आवाज करडा होता. "बोला, नाहीतर पोलिसांना कळवतो. हा आकडा जिचा आहे ती इथे माझ्यासाठी चहा करतेय."

म्हणजे धाकटी गेलीच नव्हती.

"मी आहे, बाबा."

"तू? आणि तिच्या आकड्याने?"

"पण तुम्हाला... कसं कळलं?"

सासऱ्यांनी आवाज खाली आणला. स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "तिच्या आकड्याला घंटी लावलीय. पोर नवी आहे, अजून भरवसा बसायचाय. घंटी वाजली की फोन करतो, आवाजावरून कानोसा घेतो. ऊन लागलं का, हे आपलं बोलायला."

"आणि माझ्या आकड्याला?" तिने विचारलं.

"तुझ्या आकड्याला कशाला घंटी लावली असती गं मी?" ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शटर बंद करून ती घरी आली. सासऱ्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. धाकटीने तिलाही चहा दिला, तो तिने घेतला. महिना संपला, पण किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही. किल्ली सासऱ्यांच्या उशाखालीच राहिली.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची पाळी थोरलीची होती. धाकटी मागून डबे घेऊन येत होती. थोरलीने आत जाऊन आकडा दाबला, स्वतःचा. अलार्म गप्प झाला आणि फोन वाजायला लागला.

"पोचलीस का गं?" सासऱ्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "ऊन नाही ना लागलं?"

"नाही, बाबा," थोरली म्हणाली. रिसीव्हर ठेवून ती वळली, तर धाकटी दारात उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"नशीबवान आहात हं, ताई," ती म्हणाली आणि तिने डबे जरा जोरातच ठेवले.